पाण्यातल्या जिआओझ्या घरी करताना: पीठ, सारण, पातेलं

पारी तोंडात जाड लागते. सारण कोरडं आणि भुसभुशीत होतं. नाहीतर पातेल्यात निम्म्या जिआओझ्या फुटतात आणि वर तेलाचा तवंग उरतो. घरी जिआओझ्या, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून केलेली चिनी डंपलिंग, करून बघणाऱ्यांच्या तक्रारी या तिनांपलीकडे फारशा जात नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच असतं: मोमोची कृती घेऊन जिआओझ्या केलेल्या असतात. मोमो वाफेवर शिजतात. बीजिंग, शानडोंग, हपेई किंवा ईशान्येकडच्या हार्बिन-शनयांग भागातल्या घरांमध्ये जिआओझ्या बहुतेककरून उकळत्या पाण्यात सोडतात. सात-आठ मिनिटं उकळीचे धक्के सोसायचे म्हटल्यावर पीठ वेगळं मळावं लागतं, पारी वेगळी लाटावी लागते आणि कडाही वेगळ्या मिटाव्या लागतात.

इथली पद्धत उत्तर चीनमधल्या घरांची आहे. दक्षिणेत, उदाहरणार्थ ग्वांगडोंगमध्ये, जिआओझ्या हे सणाचं मुख्य जेवण नसतं. त्यामुळे चिनी नववर्ष म्हणजे जिआओझ्या, हा हिशेब सगळ्या चीनला लावू नका.

कृतीभर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं आहे, ती म्हणजे पाणी. पिठात किती आहे, सारणात किती मुरलंय, भाजीतून किती सुटतंय, कडेला लागलंय का, पातेल्यात किती उसळतंय. बिघाड झालाच तर तो यांपैकी कुठल्यातरी पाण्याचा असतो.

## १. तयारी आणि कामांचा क्रम

खालचं प्रमाण ६० ते ६५ जिआओझ्यांचं आहे. उत्तरेकडचा मोठा माणूस जेवण म्हणून १५ ते २० सहज खातो, म्हणजे हे चौघांचं जेवण झालं.

पारीसाठी: मैदा ५०० ग्रॅम, गार पाणी २४० ते २६० मिली, मीठ ३ ग्रॅम, वर लाटायला पिठी म्हणून ५० ग्रॅम मैदा.

सारणासाठी: खिमा ५०० ग्रॅम, चायनीज कोबी ५०० ग्रॅम, पातीचा कांदा ५० ग्रॅम, आलं १५ ग्रॅम, पातळ सोया सॉस ३० मिली, मीठ ५ ग्रॅम (कोबीला चोळायचं मीठ वेगळं, ५ ग्रॅम), साधं तेल १५ मिली, भाजलेल्या तिळाचं तेल १५ मिली, मिरपूड पाव चमचा, आणि मसाल्याचं पाणी १३० मिली. हे पाणी कसं करायचं ते पुढे येईल.

कणकेची पारी करू नका. गव्हाच्या कोंड्याचे कण पिठाची तार तोडतात आणि उकळीत पारी चिरते. तिळाच्या तेलाबाबतही गफलत होते. आपल्याकडचं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं, चिनी स्वयंपाकातलं तेल भाजलेल्या तिळाचं. त्याचा रंग तपकिरी असतो आणि वास खमंग. ते मिळालं नाही तर आपलं तेल घाला आणि सोबत दोन चमचे तीळ भाजून, कुटून टाका.

सोया सॉस घेताना बाटलीतलं द्रव हलवून बघा. आपल्या बाजारातला स्वस्त सोया सॉस पुष्कळदा काळा, दाट आणि कॅरॅमलचा रंग घातलेला असतो. तोच असेल तर ३० ऐवजी १५ मिली घ्या आणि मीठ २ ग्रॅमनं वाढवा, नाहीतर सारण काळंकुट्ट दिसतं.

क्रम असा ठेवा: आधी पीठ मळा. ते मुरत असताना मसाल्याचं पाणी करा, कोबी चिरा, खिमा फेटा. कोबी खिम्यात मिसळायचं काम अगदी शेवटी, पहिली पारी लाटायच्या आधी पाच मिनिटं. एकट्यानं करायचं तर सगळं मिळून दोन ते अडीच तास धरा. दोघं-तिघं असतील तर एकानं फक्त लाटायचं, बाकीच्यांनी भरायचं. चिनी घरात हीच वाटणी असते, कारण सराव असलेला एक लाटणारा दोन भरणाऱ्यांना पारी पुरवू शकतो आणि लाटलेली पारी पडून राहत नाही.

सावधान: सारण आधी तयार करून मग पीठ मळायला घेतलं तर तासाभरात कोबी पाणी सोडून बसलेला असतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

## २. पीठ: गार पाण्यात, दोनदा मुरवून

मोदकाच्या पारीला उकड काढतो, पुरीच्या पिठाला मोहन घालतो. इथे दोन्ही नको. उकळतं पाणी ओतलं की मैद्यातला स्टार्च तिथेच शिजतो आणि पिठाला तार येत नाही. तसं पीठ वाफवायच्या किंवा तव्यावर परतायच्या प्रकारांना चालतं, पण पातेल्यात ते पिठूळ होऊन फाटतं. तेल घातलं तर कडा एकमेकींना धरत नाहीत.

मैद्यात मीठ मिसळा. २४० मिली पाणी चार-पाच वेळा, थोडं थोडं करून घाला आणि दर वेळी बोटांनी किंवा काट्यानं ढवळा. आधी सगळ्या परातीत ओलसर चुरा दिसला पाहिजे, मग गोळा करायचा. तळाशी कोरडं पीठ राहिलंच तर उरलेलं १०-२० मिली पाणी शिंपडा. मैद्याप्रमाणे आणि हवेप्रमाणे पाण्यात थोडा फरक पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात २३५ मिलीतच भागेल.

आता आठ-दहा मिनिटं मळा. या टप्प्याला गोळा घट्ट आणि खडबडीत वाटतो आणि इथेच हात पाणी घालायला शिवशिवतात. घालू नका. ओल्या पंच्यानं किंवा पातेल्यानं झाकून ३० मिनिटं ठेवा, मग दोन मिनिटं तिंबा आणि पुन्हा २० मिनिटं झाका. दुसऱ्यांदा तिंबताना तोच गोळा आपोआप गुळगुळीत होतो, कारण मधल्या वेळात पाणी पिठात सगळीकडे पोचलेलं असतं.

तपासणी: चिनी स्वयंपाकघरात तीन गोष्टी बघतात: हात स्वच्छ, परात स्वच्छ, गोळा गुळगुळीत. हाताला किंवा परातीला पीठ चिकटून राहिलं असेल तर पाणी जास्त झालंय. त्यावर चमचा-दोन चमचे मैदा घालून मळा. मुरलेला गोळा दाबल्यावर कानाच्या पाळीइतका मऊ लागायला हवा. पोळीच्या कणकेपेक्षा तो किंचित घट्टच असतो.

## ३. मसाल्याचं पाणी आणि खिमा

खिमा कोरडा पडतो तो मांसामुळे कमी आणि बाहेरून पाणी न घातल्यामुळे जास्त. उत्तर चीनमध्ये खिम्यात पाणी फेटून मुरवतात. शिजताना ते सुटतं आणि पारीच्या आत रस होऊन राहतं.

पाण्यासाठी ५ ग्रॅम ह्वाजिआओ (सिचुआनची ती जीभ बधिर करणारी मिरी) १५० मिली उकळत्या पाण्यात घाला, २० मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि पूर्ण गार करा. कोकणात आणि गोव्यात माशांच्या आमटीत पडणारं तिरफळ याच मिरीच्या कुळातलं, झँथोझायलम या वंशातलं. ह्वाजिआओ मिळाली नाही तर चार-पाच सुकी तिरफळं घ्या, आतलं काळं बी काढून टाका, ते कडवट असतं. तिरफळाचा वास जरा रानटी आणि उग्र, म्हणून दहा मिनिटांनी गाळा. दोन्ही नसतील तर आल्याचा आणि पातीच्या कांद्याचा तुकडा कुस्करून गार पाण्यात भिजवा. रोजच्या जेवणाला तेवढ्यावर भागतं.

आता मांस. चीनमध्ये सर्वांत चालणारा खिमा डुकराचा, सात भाग लाल मांस आणि तीन भाग चरबी असा. गोव्यात आणि मोठ्या शहरांतल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत तो मिळतो. दुकानदार चरबी काढून देऊ लागला तर थांबवा. बकऱ्याचा खिमा घेणार असाल तर थोडी चरबी घालून दोनदा काढायला सांगा. शिनजियांगपासून बीजिंगपर्यंत मेंढीच्या मांसात गाजर किंवा जाड पातीचा कांदा घालतात, ते मिश्रण बकऱ्याच्या खिम्यालाही शोभतं. कोंबडी असेल तर मांडीचं मांस घ्या, छातीचं नको, आणि साधं तेल १५ ऐवजी ४० मिली करा.

फेटताना क्रम पाळा. खिम्यात आधी मीठ आणि सोया सॉस घालून एक मिनिट जोरात ढवळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून खिमा चिकट होतो आणि तो चिकटपणाच पाणी धरून ठेवतो. मग मसाल्याचं पाणी पाच-सहा वेळा, दर वेळी दोन मोठे चमचे. आधीचं पाणी दिसेनासं झाल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. डुकराचा किंवा बकऱ्याचा खिमा १३० मिली पाणी पितो, कोंबडी ८० ते १०० मिलीत थांबते. एकाच दिशेनं ढवळा, असं प्रत्येक चिनी आजी बजावते. दिशा बदलली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण जोर आणि वेळ मात्र कमी करून चालत नाही. एकूण सहा-सात मिनिटं हात दुखेपर्यंत ढवळायचं आहे.

यानंतर किसलेलं आलं, मिरपूड आणि शेवटी दोन्ही तेलं. तेल आधी घातलं तर खिम्यावर थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. खिमा झाकून फ्रिजमध्ये ठेवा. गार सारण भरायला सोपं जातं.

तपासणी: चमचा खिमा तळहातावर थापून हात उलटा करा. तो खाली पडायला नको, आणि भांडं तिरकं केलं तर तळाशी पाणी जमायला नको. जमलं तर आणखी दोन मिनिटं फेटा. तरीही राहिलं तर ते ओतून टाका, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून दाट करू नका.

मिठासाठी कच्चा खिमा चाखू नका. चमचाभर तव्यावर परतून खा. नुसता खाताना किंचित खारट वाटला पाहिजे, कारण पारी जवळजवळ अळणी असते.

## ४. भाजी: मीठ कधी आणि तेल कधी

चायनीज कोबी बारीक चिरा (मिक्सरला लावू नका, लगदा होतो). ५ ग्रॅम मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा आणि पंच्यात घालून घट्ट पिळा. ५०० ग्रॅमचा कोबी सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास उरतो. पिळलेलं पाणी सगळं फेकू नका, मसाल्याचं पाणी कमी पडलं तर तेच खिम्यात मुरवता येतं, फक्त मग खिम्याचं मीठ तेवढं कमी करा. आपला नेहमीचा पानकोबी वापरत असाल तर त्यात पाणी कमी आणि धागा जास्त असतो. तो चिरून मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा, गार पाण्याखाली धरा आणि पिळा.

पातळ पानांच्या भाजीचा नियम उलटा आहे. चीनमधली ज्यूत्साई, म्हणजे लसणासारख्या वासाची चपटी पात, मीठ लागताच पाणी सोडते आणि तिचा वास उग्र होतो. तिला मीठ चोळायचंच नाही. धुऊन पूर्ण सुकवायची, चिरायची, तेलात घोळवायची आणि भरायच्या क्षणी मिसळायची. तेलाच्या थरामुळे मिठाला पान गाठायला वेळ लागतो. महाराष्ट्रात थंडीत मिळणारी लसणाची पात इथे छान चालते, तीन भाग लसणाची पात आणि एक भाग कांद्याची.

मांस न खाणाऱ्यांसाठी उत्तरेत घरोघरी होणारं सारण अंडं आणि ज्यूत्साईचं. चार अंडी दोन मोठे चमचे तेलात मऊसर परतून, बारीक मोडून पूर्ण गार करा. ३०० ग्रॅम पात तेलात घोळवा. मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया ५० ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून, निथळून, बारीक चिरा. या शेवया सुटलेलं पाणी शोषतात, म्हणून त्या वगळू नका. अंडंही नको असेल तर २५० ग्रॅम घट्ट टोफू कुस्करून तव्यावर कोरडा परता, त्यात भिजवलेले ३० ग्रॅम सुके शिताके मशरूम, परतलेलं गाजर १५० ग्रॅम आणि त्याच शेवया घाला. पनीर घालण्याचा मोह टाळा. ते पाणी धरत नाही आणि सारण मोकळं होऊन सांडतं.

सावधान: कुठलंही शिजवलेलं सारण गरम असताना भरलं तर पारीला आतून घाम सुटतो आणि तळ विरघळतो.

## ५. लाटणं: मधे जाड, कडेला पातळ

गोळ्याचे चार भाग करा. एक घ्या, बाकीचे झाकून ठेवा. अडीच सेंटिमीटर जाडीची वळकटी करा आणि सुरीनं दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडा. दर कापानंतर वळकटी पाव फेरा फिरवली तर तुकडे चपटे न होता गोल राहतात. प्रत्येक लाटी ११-१२ ग्रॅमची हवी. पहिल्या दोन-तीन काट्यावर तोलून बघा, मग डोळ्याला अंदाज येतो. पिठी भुरभुरून तळहातानं दाबून चपट्या करा.

लाटणं बारीक आणि सरळ हवं, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं. मधे फुगीर आणि जाड असं पोळीचं लाटणं इथे अडचण करतं. पापडाचं सरळ लाटणं चांगलं. डाव्या हातात लाटीची कड धरा. उजव्या तळहातानं लाटणं समोरच्या कडेवरून लाटीच्या मध्यापर्यंतच न्या आणि मागे आणा. मागे येताना डाव्या हातानं लाटी तीस-चाळीस अंश फिरवा. आठ-दहा फेऱ्यांत ८ ते ९ सेंटिमीटरची पारी तयार होते, मधे साधारण २ मिलिमीटर आणि कडेला १ मिलिमीटर.

ही जाडी शोभेसाठी नाही. मिटल्यावर कडा दुहेरी होते. सगळी पारी सारखी लाटली तर कड दुप्पट जाड होऊन कच्ची राहते आणि सारणाचं वजन पेलणारं पोट तेवढंच पातळ राहतं. मोठी पोळी लाटून वाटीनं गोल कापण्याची युक्ती याच कारणानं फसते. शिवाय उरलेल्या कातरणांचं पीठ पुन्हा मळून लाटायला गेलं की ते आखडतं.

तपासणी: पारी उजेडासमोर धरा. कड उजळ आणि मध्य गडद दिसायला हवा. लाटताना पारी सारखी आखडत असेल तर पीठ मुरलेलं नाही. दहा मिनिटं झाकून ठेवा, जोर लावू नका.

एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त पाऱ्या लाटून ठेवू नका. पंख्याखाली तर मुळीच नको. कड सुकली की ती मिटत नाही, आणि पाणी लावून मिटवलेली पातेल्यात उघडते.

## ६. भरणं आणि मिटवणं

भाजी खिम्यात मिसळायची ती पहिली पारी लाटायच्या पाच मिनिटं आधी, हलक्या हातानं, जेमतेम एकजीव होईपर्यंत.

पारी डाव्या हातावर घ्या, पिठी लागलेली बाजू खाली. मधोमध १५-१६ ग्रॅम सारण, म्हणजे एक सपाट मोठा चमचा. हाताला सराव होईपर्यंत १२ ग्रॅमच घाला. अर्धी दुमडून मधला बिंदू आधी चिमटा, मग दोन्ही टोकं. शेवटी दोन्ही हातांच्या तर्जन्या बाहेरून आणि अंगठे वरून ठेवून कड एकदाच घट्ट दाबा, पोट आपोआप पुढे येतं. उत्तरेकडे घाई असते तेव्हा सगळे असंच करतात आणि या दाबून केलेल्या जिआओझ्या फुटतातही कमी. करंजीसारखी मुरड किंवा एका बाजूला कळ्या घालता येतात, दिसायला सुरेख. पण प्रत्येक कळीला पीठ तिहेरी होतं. सरावानं कड पातळ लाटता येईपर्यंत कळ्यांच्या नादी लागू नये.

ताज्या पारीला पाणी लावायची गरज नाही, उलट जास्त पाण्यानं कड निसरडी होते. विकतच्या तयार पाऱ्या कोरड्या असतात, त्यांना मात्र बोट ओलं करून अर्ध्या कडेला फिरवा.

सावधान: दोन गोष्टी कडेवर येता कामा नयेत: सारणातलं तेल आणि सुकी पिठी. चमच्यानं सारण कडेला लागलं तर ती पारी बाजूला ठेवा, पुसून भागत नाही. मिटवताना आतली हवाही बोटानं बाहेर काढा. अडकलेली हवा उकळीत फुगते आणि कड उचलते.

चीनमध्ये भरलेल्या जिआओझ्या ज्वारीच्या धाटांच्या गोल चटईवर मांडतात. धाटांमधून हवा खेळते आणि तळ ओला होत नाही. आपल्याकडे सुपात किंवा ताटात कोरडा पंचा अंथरा, वर तांदळाची पिठी भुरभुरवा आणि एकमेकींना न चिकटतील अशा मांडा. स्टीलच्या नुसत्या ताटात ठेवल्या तर वीस मिनिटांत तळ चिकटतो आणि उचलताना फाटतो. अर्ध्या तासाच्या आत पाण्यात नाहीतर फ्रीझरमध्ये गेल्या पाहिजेत.

## ७. पातेलं

पाच-सहा लिटरच्या पातेल्यात ३ लिटर पाणी आणि चमचाभर मीठ. एका वेळी २० ते २५ जिआओझ्या, जास्त नाहीत. पाणी कमी आणि जिआओझ्या जास्त झाल्या की उकळी बसते, आणि बसलेल्या पाण्यात पारी शिजण्याऐवजी भिजून चिकट होते.

खळखळून उकळी आल्यावर एकेक करून कडेनं सोडा. लगेच पळीची पाठ तळाला टेकवून एकाच दिशेनं हळू ढकला. पळीची धार किंवा झाऱ्याची कड लागली की पारी कापली जाते. पहिली तीस सेकंदं महत्त्वाची, तळाला चिकटण्याचा धोका तेव्हाच. मग झाकण ठेवा.

झाकण वर उचलू लागलं की काढा आणि १५० मिली गार पाणी घाला. उकळी शमते. पुन्हा उकळी आली की पुन्हा १५० मिली. मांसाच्या सारणाला असं तीन वेळा, अंडं किंवा भाजीच्या सारणाला दोन वेळा. पारी दोन मिनिटांत शिजते, मांसाला त्याहून बराच वेळ लागतो. सतत खळखळत ठेवलं तर आतलं शिजेपर्यंत पारीचे लगदे होतात. गार पाणी उकळी आवरतं आणि पारीचं अंगही आवळून धरतं. गॅसची आच कमी-जास्त करूनही हे साधतं, पण मग समोरून हलता येत नाही. पहिल्या पाण्यानंतर झाकण पुन्हा ठेवू नका. झाकलेलं पातेलं सारण शिजवतं आणि उघडं पातेलं पारी, असा उत्तरेकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे.

तपासणी: जिआओझ्या वर तरंगतात, पोट फुगतं, पळीच्या पाठीनं दाबलं तर खड्डा लगेच भरून येतो. नुसतं तरंगणं पुरेसं नाही, आतली हवा तापली तरी त्या वर येतात. पहिल्या घाण्यातली एक कापून बघा. थर्मामीटर असेल तर सारणाच्या मध्यात ७५ अंश सेल्सिअस हवं. सोडल्यापासून एकूण ६ ते ८ मिनिटं लागतात.

फुटल्या असतील तर कुठे फुटल्या ते नीट बघा, कारण कळतं. कडेला उघडल्या तर कडेवर तेल किंवा पिठी होती, कड सुकली होती, नाहीतर सारण जास्त होतं. पोटाला चिरल्या तर मध्य पातळ लाटला गेला किंवा मैद्याला तार कमी होती. पुढच्या घाण्यात लाटी १३ ग्रॅमची घ्या. तळ फाटला तर ताटाला चिकटल्या होत्या किंवा पहिल्या तीस सेकंदांत पळी फिरली नाही. सगळ्याच बाहेरून बुळबुळीत झाल्या तर पाणी कमी पडलं. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला पाणी गढूळ आणि दाट होत जातं, तेव्हा अर्धं काढून नवीन उकळतं पाणी घाला.

झाऱ्यानं काढून निथळा. ताटलीत थोड्याच वाढा, ढीग करू नका, आणि ताटली एकदा हलवा म्हणजे खाली चिकटत नाहीत.

## ८. सोबत काय

सोया सॉसची वाटी पुढे करणं ही हॉटेलची सवय. उत्तरेकडच्या घरात आधी व्हिनेगर येतं: शान्शीचं जुनं काळं किंवा जनज्यांगचं सुवासिक. ३० मिली व्हिनेगरला ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि थोडं तिखट तेल, बस्स. पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसतं तीक्ष्ण लागतं. त्याऐवजी तपकिरी माल्ट व्हिनेगरमध्ये चिमूट साखर घाला. गोव्याचं माडाचं व्हिनेगरही चांगलं लागतं, चव वेगळी पण मऊ.

जेवण झाल्यावर जिआओझ्या उकळलेलं पाणी वाटीतून पितात. त्यात काही घालत नाहीत. पहिल्या घाण्याचंच घ्या.

नववर्षाच्या आदल्या रात्रीसाठी करायच्या असतील तर तयारी तीन आठवडे आधी, बाराव्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी सुरू होते. त्या दिवशी सोललेला लसूण व्हिनेगरात घालतात आणि तो हिरवा होतो. हिरवा होण्यासाठी लसूण आधी थंडीत राहिलेला असावा लागतो. म्हणून आपल्याकडे गड्डे दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग सोला, मुळाकडचा टोकाचा भाग कापा, कोरड्या बरणीत भरून तांदळाच्या व्हिनेगरात बुडवा आणि चमचाभर साखर घाला. बरणी फ्रिजमध्ये ठेवा. ते व्हिनेगरच त्या रात्री जिआओझ्यांसोबत घेतात. एखाद्या जिआओझीत नाणं लपवायची प्रथाही आहे, ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. नाण्याऐवजी सोललेला शेंगदाणा घाला. दात वाचतात, आणि नाणं किती हातांतून फिरलंय हा प्रश्नही उरत नाही.

## ९. साठवण

कच्च्या जिआओझ्या फ्रिजच्या खालच्या खणात ठेवू नका. मीठ पाणी ओढतं आणि काही तासांत तळ विरतो. पिठी भुरभुरलेल्या ताटात सुट्या मांडून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मगच पिशवीत भरून हवा काढा. उणे १८ अंशांवर महिनाभर चांगल्या राहतात, नंतर पारीला तडे जातात. मांसाच्या गोठवा, पातीच्या भाजीच्या शक्यतो नको.

गोठलेल्या जिआओझ्या वितळवायच्या नाहीत, थेट खळखळत्या पाण्यात सोडायच्या. एका वेळी पंधराच घ्या, कारण त्या पाणी झपाट्यानं गार करतात, आणि गार पाण्याचा एक फेरा वाढवा. उकळलेल्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी तव्यावर दोन चमचे तेलात मंद आचेवर, तळाला सोनेरी रंग येईपर्यंत परता. आतलं शिजलेलंच असतं, वरून पाणी घालू नका.